वासाची वही

आंबेखारच्या अंगणवाडीत भामाताई घरतांना सव्वीस वर्षं झाली होती. गावातली निम्मी तरुण पोरं त्यांच्याच हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. पण त्यांना विचारलं की तुम्ही काय काम करता, तर त्या म्हणायच्या, "वह्या लिवते." ते काही खोटं नव्हतं. मुलांच्या वजनाची वही, लसीची वही, गरोदर बायकांची वही, आहाराची वही, हजेरीची वही. दहावीनंतर शिक्षण सुटलं, मिठागरावर आईबापाच्या जोडीनं चार वर्षं गेली, मग लग्न होऊन त्या आंबेखारला आल्या आणि सेविकेची जागा मिळाली. पहिल्याच वर्षी तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिकाबाईंनी त्यांची वही लाल रेघांनी भरून टाकली होती. त्या रेघा भामाताईंच्या इतक्या जिव्हारी लागल्या की त्यांनी व्याकरणाचं जुनं पुस्तक आणून रोज एक पान पाठ केलं. दोन वर्षांनी त्याच बाई आसपासच्या सेविकांना सांगू लागल्या, वही कशी असावी ते घरतबाईंकडे जाऊन बघा.

बोलणं मात्र घरचंच राहिलं. आमी, तुमी, हाय, नाय. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं नाही आणि बोलताना 'ण' उच्चारायचा नाही, यात काही विचित्र आहे असं त्यांना किंवा गावात कुणालाच कधी वाटलं नाही.

वासाची वही सुरू झाली ती एका जानेवारीत. तळोज्याच्या कारखान्यांच्या कडेला गाव, त्यामुळे कसला ना कसला वास नेहमीचाच. पण खाडीच्या बाजूला रंगाचं रसायन बनवणारी नवी कंपनी उभी राहिली, आणि त्यानंतर काही दिवस असे येऊ लागले की सकाळी अंगणवाडी भरायची आणि तासाभरात पोरं डोळे चोळत रडायला लागायची. एकदा तीन वर्षांची मनस्वी खोकता खोकता ओकली, तिला रिक्षात घालून पनवेलच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "असं किती वेळा होतं? कधी होतं?" भामाताईंना सांगता येईना. मुलांचं वजन ग्रॅममध्ये सांगणाऱ्या बाईला याचं उत्तर देता आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. येताना त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली.

मग रोज एक नोंद. वास आला किती वाजता, गेला किती वाजता, कसा होता, देवळावरचं निशाण कुठल्या दिशेला फडकत होतं, किती पोरांना त्रास झाला. वास नाही आला तर 'आज दर्प नाही' एवढंच. अकरा महिन्यांत वही भरत आली.

गावासमोरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या अनुया देवस्थळीला ही वही योगायोगानंच दिसली. अनुया सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, घरूनच काम करायची. वासानं तीही हैराण होती. सोसायटीच्या ग्रुपवर लोक रोज तक्रार करायचे आणि विसरायचे. पोलिओच्या डोसासाठी ती मुलाला घेऊन अंगणवाडीत आली, टेबलावर वही उघडी होती, तिनं दोन पानं वाचली आणि तिथंच खुर्ची ओढून बसली.

"भामाताई, हे तुम्ही रोज लिहिता?"

"लिवते. कुनी विचारलं तर सांगता आलं पायजे ना."

अनुयानं अख्खी वही टाइप केली. गावच्या सह्या, सोसायटीच्या सह्या आणि ही टाइप केलेली नोंद जोडून डिसेंबरात पनवेलला प्रांत कार्यालयात अर्ज दिला. पोचेचा शिक्का घेतला. अर्जदार क्रमांक एक, भामा जनार्दन घरत.

फेब्रुवारीतली सुनावणीची पहिली तारीख कंपनीनं मुदत मागण्यातच घालवली. मार्चमधल्या दुसऱ्या तारखेला कंपनीचे वकील सबनीस एक जाडजूड गठ्ठा घेऊन आले. चारशे बारा पानांचं उत्तर. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, पण बोलले एकाच कागदावर.

"मॅडम," ते प्रांताधिकारीबाईंना म्हणाले, "अर्जाचा सगळा डोलारा ज्या नोंदींवर उभा आहे, त्या माणसानं लिहिलेल्याच नाहीत. एआयनं तयार केलेल्या आहेत. आम्ही तपासणी करून घेतली. हा अहवाल. शहाण्णव टक्के."

भामाताईंना आधी कळलंच नाही. त्यांनी अनुयाकडे पाहिलं. अनुयाचा चेहरा उतरला होता.

"वाक्यं बघा," सबनीस वाचू लागले. "'सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटांपासून दर्प. तीव्रता मध्यम. वारा पूर्वेकडून.' पुढची नोंद, तशीच. त्यापुढची, तशीच. साठ पानांत शुद्धलेखनाची एक चूक नाही. माणूस असं लिहितो? माणूस चुकतो, कंटाळतो. हे मशीनला सांगून अर्ध्या तासात काढलेलं आहे."

भामाताई उठल्या. पिशवीतून वही काढली आणि टेबलाकडे गेल्या. "मॅडम, ही वही हाय. माज्या हातची. एआय-बीआय मना ठाव नाय."

सबनीसांनी वही हातात घेऊन चार पानं उलटली. "सगळी एकाच निळ्या शाईत. एकसारखं अक्षर. छापलेलं समोर ठेवून उतरवायला आठ दिवस पुरतात." मग ते किंचित हसले. "आणि मॅडम, आपण आत्ताच यांचं बोलणं ऐकलंत. असं बोलणारी बाई 'तीव्रता' आणि 'दर्प' लिहील, हे पटतं का आपल्याला?"

दालनात दोन-तीन जण हसले. पण सव्वीस वर्षं तपासण्या दिलेल्या बाईला साहेबांपुढे गप्प बसायची सवय राहिलेली नसते.

"वकीलसायेब," त्या म्हणाल्या, "तुमी घरात जसं बोलता तसाच हा कागद लिवलाय काय?"

आता हसणारे दुसरे होते. प्रांतबाईंनी पेन वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "आक्षेप नोंदवून घेते. नोंदी खऱ्या आहेत हे अर्जदारांनी पुढच्या तारखेला दाखवावं. नाही दाखवता आलं, तर नोंदी बाजूला ठेवून उरलेल्या अर्जाचा विचार होईल." नोंदी बाजूला ठेवल्या तर उरलेल्या अर्जात सह्यांशिवाय काहीच नव्हतं, हे दालनातल्या प्रत्येकाला कळत होतं.

परतताना गाडीत सोसायटीचे अध्यक्ष कमलाकरकाकाही होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "भामाबाई, राग मानू नका. पण मोबाइलवर विचारून वगैरे तर नाही ना लिहिलंत? आजकाल सगळेच करतात. थोडी भाषा सुधारून घेतली असेल तर आताच सांगा."

भामाताईंनी अनुयाकडे पाहिलं. उत्तर अनुया देईल असं त्यांना वाटलं. अनुया खाली बघत होती.

"काय झालं गं?"

"ताई, मी पण काल तपासून बघितलं," अनुया म्हणाली. "कंपनी असं काही काढणार अशी कुणकुण लागली होती म्हणून. दोन साइटवर टाकलं. एक म्हणाली अठ्ठ्याऐंशी टक्के एआय. दुसरी म्हणाली बारा."

"तू सोता टाइप केलंस. अकरा महिन्यांची वही तुज्या डोळ्यापुडं व्हती. तरी तपासलंस?"

"चुकले मी," अनुया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "खरंच चुकले."

कळंबोलीच्या चौकात गाडी सिग्नलला थांबली. मग भामाताईंनीच तिच्या हातावर हात ठेवला. राग आला होता, पण रागात घालवायला वेळ नव्हता. पुढची तारीख पंचवीस दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी अनुया एक युक्ती घेऊन आली. त्याच साइटवर सबनीसांचं उत्तर टाकायचं, एखादं जुनं सरकारी परिपत्रक टाकायचं. तेही एआयचंच निघेल, मग सगळ्यांसमोर त्यांचं हसं होईल. कमलाकरकाकांना ती भलतीच आवडली. भामाताईंनी पोरांच्या वाट्या पुसता पुसता ऐकून घेतली.

"त्यानं काय व्हनार?" त्या म्हणाल्या. "यंत्र चुकतंय एवडंच. मी खरं लिवलंय, ते कुटं दिसतंय त्यात?"

अनुयानं फोन खाली ठेवला.

"त्यांचा गठ्ठा दे मना," भामाताई म्हणाल्या. "चारशे पानं दिल्यात, ती कुनीतरी वाचाया पायजेत."

त्यांनी वाचली. रोज एक वाजता अंगणवाडी सुटली की मदतनीस शांती भांडी आवरायची आणि भामाताई जमिनीवर गठ्ठा पसरून बसायच्या. पहिली शंभर पानं कायद्याची, इंग्रजीत. ती त्यांनी अनुयाकडून तोंडी समजून घेतली. नंतर परवाने, नकाशे, कंपनीनं लावलेल्या झाडांचे फोटो. आणि शेवटची दोनशे सत्तर पानं म्हणजे एका नोंदवहीच्या झेरॉक्स. कंपनीतून निघणारा गॅस बाहेर सोडण्याआधी धुऊन घेणारं एक यंत्र असतं, स्क्रबर म्हणतात त्याला. त्याच्या पंपाची ही रोजची नोंदवही. पंपाची आम्ही किती नियमित देखभाल करतो हे दाखवायला कंपनीनं ती जोडली होती.

ही पानं बघून भामाताई सावरून बसल्या. वही म्हटल्यावर त्यांना कुणाची मदत लागत नव्हती. तारीख, वेळ, आणि पुढे दोन इंग्रजी शब्द: ऑफ, ऑन. खाली सही. कुणीतरी रोज, वेळच्या वेळी, मिनिटासकट लिहिलं होतं. दहा वाजले असं नाही, दहा वाजून पाच मिनिटं. अक्षर जरा तिरकं, पण आकडा कुठं गिरवलेला नाही, खोडलेला नाही.

गेल्या वर्षीच्या चौदा मार्चचं पान त्यांनी सहज म्हणून काढलं, कारण ती तारीख त्यांना पाठ होती. त्याच दिवशी मनस्वीला परत दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पंप ऑफ, दहा पाच. पंप ऑन, साडेबारा. त्यांनी आपली वही उघडली. दर्प सुरू, दहा पंधरा. दर्प ओसरला, बारा चाळीस.

भामाताईंनी शांतीला हाक मारली. "भांडी ऱ्हाऊ दे. इकडं बस. मी तारीख सांगते, तू त्यांचं पान काढ."

आठ दुपारी त्या दोघी बसल्या. शेवटी अनुया लॅपटॉप बंद करून त्यांच्यात येऊन बसायला लागली. अकरा महिन्यांत वासाचे दिवस चौऱ्याहत्तर. त्यातल्या सहासष्ट दिवशी पंप बंद होता, त्याच वेळेत.

"ताई, हे तक्त्यात मांडून मॅडमना देऊ या," अनुया म्हणाली.

"नको. तक्ता दिला तर वकील म्हननार, हा पन एआयनं केलाय." भामाताईंनी वही मिटली. "तक्ता नाय द्यायचा. त्यांच्याच तोंडून वाचून घ्यायचं."

एप्रिलमधल्या तारखेला प्रांत कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. आंबेखारच्या बायका दोन टेम्पो भरून आल्या होत्या. कंपनीतर्फे सबनीस, एक तरुण इंजिनीअर, आणि मूळ नोंदवह्यांची पेटी सांभाळत दाराशी बसलेला एक पन्नाशीचा कामगार. मूळ वह्या आणाव्यात असा अर्ज अनुयानं आठवड्यापूर्वीच दिला होता. सबनीसांनी त्याला हरकतसुद्धा घेतली नव्हती. देखभालीच्या वह्यांची त्यांना कसली भीती.

"बोला घरतबाई," प्रांतबाई म्हणाल्या. "कशानं सिद्ध करणार?"

"मी नाय करनार मॅडम. तारीख तुमी सांगा. कुटलीबी. माजी वही तुमी वाचा, आन् त्या तारखेची कंपनीची वही त्यांच्या सायेबांनी वाचावी. बाकी मना काय बोलायचं नाय."

सबनीस अर्धे उठले. "मॅडम, याचा आक्षेपाशी काय संबंध?"

"बघू या की," प्रांतबाई म्हणाल्या. त्यांनी भामाताईंची वही मधूनच उघडली. "दोन जुलै. 'दुपारी बारा पाचपासून दर्प. सडक्या अंड्यासारखा. तीव्रता जास्त. वारा पूर्वेकडून. अकरा बालकांना त्रास, लवकर घरी सोडले. एक पन्नासला ओसरला.' हं. तुमची वही?"

इंजिनीअरनं पान काढलं आणि सहजपणे वाचलं. "दोन जुलै. पंप ऑफ, अकरा पंचावन्न. पंप ऑन, एक चाळीस."

प्रांतबाईंनी मान वर केली नाही. वहीची दहा-बारा पानं उलटली. "अठरा एप्रिल. सकाळी नऊ तीस ते दहा पस्तीस."

"ऑफ, नऊ वीस. ऑन, दहा पंचवीस." या खेपेला इंजिनीअर हळू वाचत होता.

"पाच ऑक्टोबर. अकरा दहा ते अकरा चाळीस."

इंजिनीअरनं सबनीसांकडे पाहिलं. "वाचा," प्रांतबाई म्हणाल्या.

"अकरा ते अकरा तीस."

"म्हणजे वास गावात पोचायला दहा मिनिटं लागतात," प्रांतबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"नऊ ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊपासून."

इंजिनीअरनं पान पाहिलं आणि त्याला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. "नऊ ऑगस्टला पंप दिवसभर चालू आहे, मॅडम. एकदाही बंद नाही."

सबनीस लगेच उभे राहिले. "बघा मॅडम. पंप चालू आणि यांना वास येतोय. हेच मी म्हणत होतो. काही तारखा जुळल्या म्हणून—"

"बसा. नोंद पूर्ण वाचायची आहे." प्रांतबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "'नऊ ऑगस्ट. सकाळी नऊपासून दर्प. हा कंपनीचा नाही. खाजणात म्हैस मेली आहे. मालकास कळवले.'"

मागच्या बायकांमध्ये हशा पिकला. म्हैस कुणाची होती त्याचंही नाव एकीनं सांगून टाकलं. सबनीस बसले.

"एकवीस सप्टेंबर," प्रांतबाईंनी आणखी एक पान काढलं. "इथे लिहिलंय, 'पेण येथे भाचीच्या बारशाला गेले. नोंद नाही.' तुमच्याकडे?"

इंजिनीअरला आता वाचायचं नव्हतं. पण वाचावं लागलं. "ऑफ, सकाळी आठ. ऑन, बारा दहा."

"चार तास," प्रांतबाई म्हणाल्या. "सबनीस, कंपनीला अडकवायला कुणी बनावट वही केली असती, तर हा दिवस सोडला असता का? आणि बनवणार तरी कशावरून? हा अर्ज डिसेंबरात आला, त्यावर माझ्या कार्यालयाचा शिक्का आहे. तुमची नोंदवही मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर आली. या वेळा तोपर्यंत तुमच्या कंपनीशिवाय कुणालाही माहीत नव्हत्या. त्या यांना कळायला एकच मार्ग होता. नाक."

सबनीस वकील चांगले होते. त्यांनी एक श्वास घेतला आणि दुसरी बाजू धरली. "ठीक आहे मॅडम, लिखाणाबद्दलचा आक्षेप मी सोडतो. पण देखभालीसाठी पंप बंद केला तर उत्पादनही बंद असतं. मग गॅस येईल कुठून? वास दुसऱ्या कुठल्या कारखान्याचा असू शकतो."

"हे खरं?" प्रांतबाईंनी इंजिनीअरला विचारलं.

"हो," तो म्हणाला, फार हळू.

"या नोंदी कुणी लिहिल्या?"

इंजिनीअरनं उत्तर द्यायच्या आधीच दाराजवळ पेटीपाशी बसलेला माणूस उभा राहिला. "मी, मॅडम. तुळशीराम भोपी. ऑपरेटर. सकाळपाळीला मीच असतो."

भामाताईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या ज्याचं अक्षर वाचत होत्या, तो हा माणूस. साधासा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, कामोठ्याच्या बाजारात सहज दिसावा असा.

"पंप बंद असताना कारखाना बंद असायचा?"

तुळशीरामनं इंजिनीअरकडे पाहिलं, मग सबनीसांकडे. मग त्याची नजर टेबलावर एकमेकींशेजारी उघड्या पडलेल्या दोन वह्यांवर गेली.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "चालूच असायचा. दुसरा पंप मागितला होता आम्ही, स्टँडबायला. मिळाला नाही. मला सांगितलं होतं, वेळा एवढ्या बारीक लिहू नकोस, दिवसाला एक सही पुरे. पण मी जे घड्याळात दिसलं ते लिहिलं. वही म्हणजे वही."

सबनीसांनी आपले कागद गोळा करायला सुरुवात केली.

दहा दिवसांनी निकाल आला. अनुयानं तो अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहून वाचला, कारण आत माणसं मावत नव्हती. दुसरा पंप बसेपर्यंत उत्पादन बंद. पंप बसल्यावर तो चालू आहे की नाही हे दाखवणारा फलक गावाकडच्या गेटवर लावायचा. तुळशीराम भोपी यांना साक्षीवरून त्रास दिल्यास वेगळी कारवाई होईल. आणि चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ते वाचताना अनुया थांबली आणि मग तिनं ते पुन्हा, मोठ्यानं वाचलं: "अर्जदार क्रमांक एक यांच्या नोंदी एखाद्या साधनाने दर्शवलेल्या टक्केवारीवरून नाकारता येत नाहीत, त्या प्रत्यक्ष अनुभवातून, नियमितपणे व प्रामाणिकपणे लिहिलेल्या आहेत, असे हे कार्यालय मानते."

"परत वाच," भामाताईंच्या सासू सोनाबाई म्हणाल्या. त्यांना नीट ऐकू येत नसे. अनुयानं तिसऱ्यांदा वाचलं. कमलाकरकाका पुढे झाले, सगळ्यांदेखत भामाताईंपुढे हात जोडून म्हणाले, "मी शंका घेतली होती. माफ करा." भामाताईंनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांना बसायला खुर्ची द्यायला सांगितलं.

शेवटी, पुढे मोठ्या माणसांची गर्दी म्हणून अंगणाच्या कडेलाच थांबलेला तुळशीराम पुढे आला. तो सुट्टी टाकून आला होता. "मावशी," तो म्हणाला, "चौदा मार्चला पंपाचा बेल्ट तुटला होता. मी वेळ लिहिली तेव्हा मनात आलं, वारा गावाकडं आहे, लोकांचं काय होत असेल. विचारायला यायला पाहिजे होतं. आलो नाही."

"तू लिवलंस ना," भामाताई म्हणाल्या. "न लिवनारे लय हायत." त्यांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि सोनाबाईंना ओरडून सांगितलं की वकिलाला गप्प करनारा तो ह्यो.

कंपनी एकवीस दिवस बंद राहिली. दुसरा पंप बसला, गेटवरच्या फलकावर हिरवा दिवा लागला. पोरं आता अंगणात जेवायला बसू लागली. खाडीपलीकडच्या दोन गावांतून सेविकांचा निरोप आला, तुमची वही आम्हाला शिकवा. भामाताईंनी रविवार दिला. दहा-बारा जणी येतील म्हणून शांतीनं दोन चटया अंथरल्या होत्या, आल्या चाळीस. कामोठ्याहून आल्या, खांदा कॉलनीतून दोन निवृत्त शिक्षिका आल्या. प्रत्येकीच्या हातात कोरी वही. भामाताई फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि आधी 'दर्प' हा शब्द लिहून दाखवला, रफार कुठं द्यायचा ते सांगितलं.

"बोलताना कायबी बोला," त्या म्हणाल्या. "लिवताना मातर कुनाला बोट ठेवाया जागा द्यायची नाय."

तास संपायला बारा वाजले. गावात त्या दिवशी हळद होती, बेंजोवाले वरच्या आळीतून खाली येत होते. अंगणवाडीपुढे एवढ्या बायका बघून ते तिथंच थांबले. कुणीतरी त्यांना सांगितलं, ही ती वहीवाली बाई. त्यांनी सूर बदलला. सोनाबाई काठी टाकून पुढं सरसावल्या, अनुयानं भामाताईंचा हात धरून ओढलं, आणि खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांनी भामाताई भर उन्हात, चाळीस बायकांच्या मधोमध, नाचायला लागल्या.